गच्चीची किल्ली

नोव्हेंबरात रिपोर्ट आला, डी व्हिटॅमिन ११. वीसच्या खाली गेलं की कमतरता धरतात. एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) होऊन सहा वर्षं झाल्याने असल्या आकड्यांनी मी आता दचकत नाही, पण पुण्यात राहून ११? डॉक्टरांनी साठ हजार युनिटचं पाकीट लिहून दिलं, आठवड्याला एक, आठ आठवडे. वर म्हणाले, "जरा उन्हात बसत जा." पाकिटं त्याच संध्याकाळी घरात आली. ऊन मिळायला सात आठवडे लागले.

आम्ही कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर. शेजारची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि तिथे बारा मजले उभे राहिले, तेव्हापासून बाल्कनीत ऊन असं नाहीच. हॉलच्या खिडकीत थोडं येतं, पण काचेतून आलेल्या उन्हाचा इथे उपयोग नाही. त्वचेत डी तयार करणारे किरण काच अडवते. (मी दोन वर्षं काचेमागे बसून पुण्य कमावत होते.) राहिली गच्ची, आणि गच्चीला कुलूप. कधीतरी एकतीस डिसेंबरला पोरांनी वर धिंगाणा घातला, तेव्हापासून किल्ली सेक्रेटरींच्या घरी.

"अर्ज द्या," ते म्हणाले. दिला. "सोबत डॉक्टरांचं पत्र हवं." आणलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते दारातच वाचलं. मी भिंतीला टेकून उभी, डावा पाय थरथरायला लागलेला.

"हे संसर्गजन्य नाही ना?"

"नाही हो काका."

"मग इथे लिहिलंय, उन्हात बसावे. आणि खाली लिहिलंय, उष्णता टाळावी. ऊन चालतं की चालत नाही, ते एकदा ठरवा."

राग आला, पण त्यांचं अगदीच चूक नव्हतं. एमएसमध्ये अंग तापलं की जुनी लक्षणं डोकं वर काढतात, नजर धुरकट होते, पाय जड होतात. उटहॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने १८९० मध्ये हे नोंदवून ठेवलंय. अंग निवलं की सगळं पूर्ववत होतं, पण दारात उभ्या माणसाला हे समजावायचं कसं? मी बोलत गेले, ते मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मीटिंगमध्ये ठेवतो."

पहिल्या मीटिंगला कोरम झाला नाही. दुसरीत पाण्याच्या टाकीवरच दोन तास गेले. तिसरीत चौथ्या मजल्यावरच्यांनी विचारलं, वर पावलं वाजतील त्याचं काय. मी काठी घेऊन चालते, पावलं काय वाजणार! मग हमीपत्र: पडल्यास सोसायटी जबाबदार नाही. लिफ्ट चौथ्यापर्यंतच आहे, पुढे अठरा पायऱ्या. डोळे मिटून सही केली.

हे वाचून कुणी साठ हजारवालं पाकीट रोज घेऊ नका. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, किडनीला त्रास होतो. आणि त्याने एमएस बरा होतो असंही नाही. ज्यांचं डी कमी त्यांच्यात हा आजार जास्त दिसतो, पण एकदा झाल्यावर वरून घेतलेल्या डीने किती फरक पडतो, यावर अभ्यासांचं एकमत नाही. माझे डॉक्टर म्हणतात, एमएससाठी घेतलेल्या स्टेरॉइडने ठिसूळ होणाऱ्या हाडांसाठी घ्या. हे मला पटतं.

वेळेचं सांगायचं राहिलं. सकाळचं सातचं कोवळं ऊन छान वाटतं, पण यासाठी फारसं कामाचं नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाचं हवं. डिसेंबरात ते साडेअकरा ते दीड, एप्रिलमध्ये साडेनऊपासूनच. मी पंधरा मिनिटं बसते, डोकं टाकीच्या सावलीत, हातपाय उन्हात, मानेवर ओला पंचा. उन्हाळ्यात दहाच मिनिटं. नजर धुरकटली की लगेच खाली.

मार्चमध्ये पुन्हा तपासलं, ३४. थकवा आहे तिथेच आहे. पण दुपारी घराबाहेर पडायला एक जागा झाली, जिथून वेताळ टेकडीचा एक तुकडा अजून दिसतो.

किल्ली आता वॉचमनकडे असते, पिवळ्या नाडीत ओवलेली. घेताना रजिस्टरात सही करायची आणि 'कारण' हा रकाना भरायचा. मी रोज लिहिते, ऊन. परवा माझ्या ओळीखाली तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी लिहिलं होतं, कुरडया.