गिरणी कौन है?

नाटक होऊन महिना झाला. दोन्ही खेळ झाले, दुसऱ्या दिवशी तर वर्गातली बाकं आणून लोक बसवावे लागले. तरी इंदूरमध्ये छोट्या जागेत तिकीट लावून नाटक करायचं तर काय काय लागतं, असं कुणी विचारलं की मला आधी आठवतं ते पोलीस ठाण्यातलं टेबल, काचेखालचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर आणि त्यावर पालथी पडलेली आमची संहिता.

मोठ्या सभागृहांबद्दल तक्रार नाही. रवींद्र नाट्यगृह आहे, खंडवा रोडवर विद्यापीठाचं सभागृह आहे. सानंद या इथल्या मराठी संस्थेचे सभासद पाच गटांत आहेत, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या एकेका नाटकाचे इथे पाच-पाच खेळ होतात. महाराष्ट्राबाहेर हे भाग्य किती गावांना आहे? पण आमचं नाटक तीन पात्रांचं, त्यातलं एक दुसऱ्या अंकात खाटेवरून उठतच नाही. ते एवढ्या मोठ्या सभागृहात नेलं तर मागच्या रांगेला खाटच दिसायची, माणूस नाही. शिवाय भाडं. म्हणून रामबागेतल्या एका जुन्या शाळेचा हॉल घेतला, 120 खुर्च्या, तिकीट 200 रुपये.

नाटक मिलवर आहे. इथली हुकुमचंद कापड मिल 1991च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिथल्या 4,800च्या आसपास कामगारांच्या थकलेल्या 224 कोटींचा प्रश्न 25 डिसेंबर 2023ला मार्गी लागला. मधल्या बत्तीस वर्षांत जे बापडे वाट पाहून गेले, त्यांच्यातल्या एकाच्या घरात आमची गोष्ट घडते. माझे मामा मिलमध्येच होते, त्यामुळे हे लिहायला मला कुठे जावं लागलं नाही.

बाकीची कामं झटपट झाली. शाळेचं पत्र एका दिवसात मिळालं. जीएसटीचा प्रश्नच नव्हता, कारण नाटकाचं तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर माफी आहे (आधी ही मर्यादा 250 होती, 2018च्या जानेवारीत वाढवली). करमणूक कराचं मात्र गृहीत धरू नका. जीएसटी आल्यावर राज्याचा कर गेला, पण महापालिकेला तो लावायचा अधिकार घटनेनंच ठेवला आहे, तेव्हा तिकिटं छापण्याआधी विचारून घ्या. मी छापून झाल्यावर विचारलं. निभावलं, पण एक रात्र झोप नव्हती.

आता ठाणं. नाव लिहीत नाही.

2021च्या डिसेंबरपासून इंदूरला पोलीस आयुक्त आहेत. आम्ही प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज वरच्या कार्यालयात दिला, तो खाली ठाण्याच्या अहवालासाठी आला. अर्जात कार्यक्रमाचा प्रकार लिहायचा होता: धार्मिक, राजनैतिक, वैवाहिक, अन्य. आम्ही ‘अन्य’वर खूण केली. ती खूणच नडली. लग्नाच्या वरातीचा कागद माझ्यासमोर दहा मिनिटांत निघाला. ‘अन्य’ म्हटल्यावर मुन्शीजींनी, म्हणजे ठाण्यातल्या कारकुनांनी, चष्मा काढला.

“नाटक? सेंसर का सर्टिफिकेट?”

ते होतं माझ्याकडे! दोन वर्षांपूर्वी हेच नाटक आम्ही महाराष्ट्र शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेत इंदूर केंद्रावर केलं होतं, तेव्हा मुंबईच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेतलं होतं. मी ते ऐटीत पुढे सरकवलं. मुन्शीजींनी शिक्का वाचला आणि परत दिलं. “मैडम, ये तो महाराष्ट्र का है. यहाँ का लाइए.” इथलं कोण देतं, मी विचारलं. त्यांनी शेजारच्याला विचारलं. शेजारच्यानं चहावाल्याकडे पाहिलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी संहिता स्वतःच वाचायला घेतली. देवनागरीच तर आहे, म्हणाले. हातात लाल पेन्सिल. मी समोरच्या बाकावर बसून माझंच नाटक त्यांच्या ओठांवर हलताना पाहत होते. पाचव्या पानावर ते थांबले.

“ये गिरणी कौन है?”

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. ‘गिरणीनं मला खाल्लं’, ‘गिरणी बंद झाली तेव्हा तू पोटात होतास’, असली वाक्यं सलग तीन पानं होती, आणि त्यांच्या मते ही कुणी बाई होती, जिचं नाव घेऊन म्हातारा सारखा रडतो आणि जिच्याबद्दल त्याची बायको एक अक्षर बोलत नाही. (वाचन म्हणून हे वाईट नाही. आमच्या स्पर्धेच्या परीक्षकांना एवढंही सुचलं नव्हतं.) गिरणी म्हणजे मिल, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. इंदूरच्या आम्हा मराठी माणसांच्या तोंडात खरं तर ‘मिल’च असतं. लिहिताना उगाच पुस्तकी झाले, त्याचं हे फळ.

पुढे मुकादमाचा राजीनामा आला. ठाण्यात राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांत झालेली तडजोड, त्यांचा रोजचा शब्द. “किस केस में राजीनामा हुआ?” मी म्हटलं, केस नाही, त्यानं नोकरी सोडली. मग ‘शिक्षा’. मग ‘घेराव’. हा शब्द मात्र दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे त्याच्याखाली दोन रेघा. अर्धा तास असा गेला आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. हिंदी अनुवाद आणा.

62 पानं. मी आणि भाच्यानं तीन रात्री बसून केला. त्याचं अक्षर चांगलं म्हणून त्यानं लिहिला, मी सांगत गेले. तिसऱ्या खेपेला मुन्शीजींनी तो हातात घेतला, उलटून शेवटचं पान पाहिलं. “सर्टिफाइड है?” नोटरीकडे गेले. तो म्हणाला, सही तुमची आहे एवढं मी सांगू शकतो, अनुवाद बरोबर आहे हे मी कशाच्या जोरावर सांगू? खरं बोलला.

तोवर खेळ सहा दिवसांवर आला होता.

आमच्या वकील मित्रानं मला एक इतिहास सांगितला होता. नाटकांवर लगाम घालायला इंग्रजांनी 1876मध्ये कायदा केला. प्रयोग बंद पाडायचा अधिकार त्यात होताच, शिवाय नाटक कशाबद्दल आहे याची माहिती लेखकाकडून किंवा जागेच्या मालकाकडून मागवण्याचीही सोय होती. पुढे लखनौच्या इप्टा या नाट्यसंस्थेच्या प्रकरणात अलाहाबाद उच्च न्यायालयानं 1956मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, आणि संसदेनं तो रद्द केला थेट 2018मध्ये. राज्यांचे पोलीस कायदे वेगळे. महाराष्ट्रातलं मंडळ त्यांच्यावरच उभं आहे. हे सगळं डोक्यात घेऊन मी गेले आणि मुन्शीजींना म्हटलं, “आप अभी 1876 में बैठे हैं क्या?”

हे बोलू नका. मी बोलले, आणि कागद दोन दिवस हलला नाही. साहेब बंदोबस्तात, साहेब कोर्टात.

काम झालं ते एका साध्या अर्जानं. चार ओळी, शुद्ध सरकारी हिंदीत: संहिता आणि तिचा प्रमाणित अनुवाद कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या धारेखाली अपेक्षित आहे, ते लेखी कळवावं, म्हणजे पूर्तता करता येईल. आवाज चढवला नाही. दोन प्रती नेल्या, एक दिली, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घेतला. (आवक-जावक, पावती, असे आपलेच शब्द इथल्या सरकारी हिंदीत अजून नांदतात. त्या दिवशी तेवढाच आधार वाटला.) 181वर सीएम हेल्पलाइनला तक्रार टाकायची तयारीही होती, पण ती शेवटची गोळी. ती उडवलीत की पुढच्या नाटकाला त्याच टेबलावर जायचं असतं, हे विसरू नका.

लेखी उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं. खेळाच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला, परवानगी घेऊन जा. कागदावर संहितेचा उल्लेख नाही, अनुवादाचा नाही, सेन्सॉरचा नाही. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक नको, गाड्या रस्त्यावर नकोत, आणि कार्यक्रमाचा प्रकार: ‘रंगारंग कार्यक्रम’. मी रस्त्यावर उभी राहून हसले, मग राग आला. असल्या रंगारंगासाठी मी सकाळची शाळा बुडवून अकरा दिवस बाकावर बसले होते.

एक राहिलंच. नाटक दुसऱ्याचं असेल तर लेखकाची परवानगी लेखीच घ्या. हौशी मंडळाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण ती फुकट प्रेक्षकांसाठी. तिकीट लावलंत की संपली. रेकॉर्डवरचं गाणं वापरलंत तरी तेच. आम्ही मध्ये एक जुनं गाणं ठेवलं होतं, ते काढून मामींकडून जात्यावरची ओवी म्हणवून घेतली, आणि खरं सांगायचं तर तो प्रवेश आता जास्त चांगला झालाय.

अग्निशामक सिलिंडरवरची तारीखही पाहून घ्या. शाळेचा कधीच संपलेला निघाला, ऐन वेळी नेपथ्यवाल्याच्या दुकानातून आणला.

आणि अर्ज निदान महिनाभर आधी द्या, पंधरा दिवस नाही. मोठ्या संस्थांकडे ठाण्यात रोज जाणारा माणूस असतो. आमच्याकडे दिग्दर्शन, तिकीटविक्री आणि ठाणं, सगळं एकीकडेच. शहरात छोट्या नाटकांसाठी महापालिकेनं एखादा शंभर-दीडशे खुर्च्यांचा हॉल कायमच्या परवानगीसकट काढला, तर यातलं निम्मं रामायण टळेल. हे मी लेखी दिलंय. त्याचाही आवक क्रमांक माझ्याकडे आहे.

अनुवाद अजून ठाण्यातच आहे. परत मागायला गेले तर मुन्शीजी म्हणाले, नस्तीला लागलाय, आता निघत नाही. झेरॉक्स काढायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. उज्जैनला प्रयोगाचं बोलणं चाललंय, म्हणून भाचा पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला बसलाय. या वेळी गिरणीच्या जागी मिल.