टँकच्या पोटात काय आहे ते आधी ठरवा

आखूड आणि जाडजूड टँक म्हणजे आत जड द्रव. लांब आणि फुगीर टँक म्हणजे हलका. अमेरिकी टँक वॅगनची मॉडेल्स जमवायला लागताना एवढं एक डोक्यात ठेवलं तरी निम्मी चुकीची खरेदी टळते.

कारण साधं आहे. चार आसांच्या डब्याचं मालासकट एकूण वजन किती असावं याला मर्यादा असते. तिकडे ती बराच काळ २,६३,००० पौंड होती, आता बहुतेक ठिकाणी २,८६,००० पौंड, म्हणजे साधारण १३० टन आहे. मग द्रव जितका जड, तितकी टाकी लहान. सल्फ्युरिक अ‍ॅसिड पाण्याच्या १.८४ पट जड, म्हणून त्याची टाकी १३,६०० गॅलनच्या आसपास. मक्याचं सिरप साडेसतरा हजारांच्या घरात. इथेनॉल पाण्यापेक्षा हलकं, त्याला ३०,००० गॅलनची टाकी. प्रोपेन तर पाण्याच्या निम्मंच, त्यामुळे ३३,६०० गॅलनचा लांबलचक पांढरा डबा. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा. आपल्या डोळ्यांना अंदाज यावा म्हणून सांगतो: २०१६ साली मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या जलदूत गाडीच्या एका टँकरमध्ये साधारण ५० हजार लिटर पाणी असायचं. अमेरिकी अ‍ॅसिडचा डबा तेवढ्याच पोटाचा, आणि प्रोपेनचा त्याच्या अडीचपट.

स्वस्त मॉडेलमध्ये नेमका इथेच घोळ असतो. साचा एक आणि रंगसंगती वीस. प्रोपेनच्या लांब टाकीवर अ‍ॅसिड कंपनीचं नाव छापलेलं सर्रास मिळतं. रंग कितीही देखणा असला तरी असा डबा घेऊ नये, किंवा घेतलाच तर पुसून नव्याने रंगवायच्या तयारीने घ्यावा.

दुसरी गोष्ट साल. डब्याच्या बाजूला बांधणीचा महिना-साल छापलेलं असतं, ते भिंगातून वाचा. तुमची गाडी १९५० ची असेल तर १९६२ चा डबा तिच्यात बसत नाही. जुन्या डब्यांच्या टाकीवर मधोमध घुमट असतो. उन्हात द्रव प्रसरण पावला की त्याला जागा हवी म्हणून तो होता, आणि नेहमीच्या बिनदाबाच्या डब्यांत त्याचं आकारमान टाकीच्या किमान २ टक्के असावं लागे. १९५० च्या दशकापासून नव्या डब्यांतून घुमट गेला, हळूहळू खालची लांब चौकटही गेली आणि टाकीच स्वतः कणा झाली. ब्रेकवरूनही साल कळतं. जुन्या के ब्रेकमध्ये सिलिंडर आणि हवेची टाकी एकाला एक जोडलेली, तर एबी ब्रेकमध्ये सिलिंडर, टाकी आणि व्हॉल्व्ह असे तीन सुटे भाग. १९५३ नंतर के ब्रेकचा डबा एका रेल्वेकडून दुसरीकडे जाऊ शकत नव्हता. बाजूला पिवळे किंवा पांढरे चकाकते पट्टे दिसले तर डबा २००५ नंतरच्या काळातला समजा, तो नियम तेव्हाचा.

वाफेच्या इंजिनांच्या काळासाठी एसीएफ कंपनीचे टाइप २१ आणि टाइप २७ हे डबे चांगले. ८,००० आणि १०,००० गॅलन या दोन्ही मापांत एचओ (खऱ्याच्या १/८७ मापाची) मॉडेल निघालेली आहेत. टाइप २१ प्रोटो २००० या मॉडेल-मालिकेचे, टाइप २७ इंटरमाउंटन या मॉडेल कंपनीचे. जनरल अमेरिकन या डबे बांधणाऱ्या कंपनीच्या १९१७ च्या आराखड्याचा ८,००० गॅलनचा डबा टँजंट या मॉडेल कंपनीने काढला, तो बारकाव्यांत या दोघांच्या पुढे आहे. संग्रहाची सुरुवात यूटीएलएक्स अक्षरांच्या साध्या काळ्या डब्यांनी करावी असं माझं ठाम मत आहे. ही कंपनी, म्हणजे युनियन टँक लाइन, मुळात स्टँडर्ड ऑइलची, १९११ साली ते साम्राज्य मोडलं तेव्हा वेगळी झाली. शेवटचं ‘एक्स’ अक्षर म्हणजे डबा रेल्वेचा नसून खासगी मालकाचा. भाड्याने दिलेले असे डबे देशभर फिरत, त्यामुळे तुमचं इंजिन कुठल्याही रेल्वेचं असो, यूटीएलएक्स त्याच्या मागे शोभतो. जाहिरातबाज रंगीत डबे दहा काळ्यांमागे एखादा पुरे. मात्र एकाच क्रमांकाचे दोन डबे एका गाडीत नकोत. शेवटचे दोन आकडे खरवडून तिथे नवे डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं) लावायला अर्धा तास लागतो, तेवढा काढावा.

आता कामाकडे. टाकीचे दोन अर्धे चिकटवण्याआधी वजन. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याचं वजन १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपल्या हिशेबात २८ ग्रॅम अधिक दर सेंटिमीटरला साडेपाच ग्रॅमच्या थोडं वर. पावणेतेरा सेंटिमीटरच्या ८,००० गॅलनच्या डब्याला १०० ग्रॅम. चाकं, कपलर (डबे एकमेकांना जोडणारे हूक), शिड्या असा सगळा संसार वजनकाट्यावर ठेवा आणि कमी पडेल तेवढं टाकीत घाला. एम-८ चा लोखंडी नट साधारण ५ ग्रॅमचा असतो आणि या टाकीत आरामात मावतो. नट टाकीच्या तळाशी, दोन्ही बोगींच्या (टोकांकडच्या चाकांच्या जोडगाड्यांच्या) वर सारखे वाटून, दोन भागांच्या इपॉक्सीने बसवा. मधोमध ढीग घातला तर डबा वळणावर डुलतो, आणि वर चढवला तर कलंडतो.

शिशाचे छर्रे पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदात कालवून टाकीत ओतायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. तो ऐकू नका. या गोंदातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं, बंद टाकीत ते शिशाला खातं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडबरोबर त्याचं पांढरं लेड कार्बोनेट होतं. हे मूळ शिशापेक्षा जास्त जागा घेतं. वर्ष-दोन वर्षं काही कळत नाही, मग एक दिवस टाकीची शिवण उकलते आणि आतून पांढरी पूड डोकावते. तोवर रंग, डेकल, कठडे सगळं झालेलं असतं. छर्रेच वापरायचे असतील तर इपॉक्सीत, आणि नंतर हात धुवा.

शिवण चिकटवताना घुमटाच्या तोंडाची रेषा आणि तळाचा व्हॉल्व्ह एका उभ्या रेषेत आहेत ना ते समोरून बघा. दोन अंशांचा फरकही डबा गाडीत लागला की जाणवतो. शिवणीवर पॉलिश पेपर चालवताना आजूबाजूचे रिव्हेट घासले जातात. त्यांच्या जागी रिव्हेटचे डेकल मिळतात, ते रंगाआधी लावायचे.

हातकड्या, म्हणजे डब्यावर चढताना धरायच्या कड्या, हा सगळ्यात वेळखाऊ भाग. प्लास्टिकच्या ओतीव कड्या जाड दिसतात आणि कापतानाच मोडतात. खऱ्या डब्यावर कडीची जाडी किमान ५/८ इंच, म्हणजे १६ मिमी. एचओत ती ०.१८ मिमी होते. एवढी बारीक तार बोट लागलं की वाकते, म्हणून ०.२५ किंवा ०.३ मिमी घ्यावी. फॉस्फर ब्राँझची तार सर्वांत बरी. ती मिळेपर्यंत घरगुती वायरिंगच्या १ चौरस मिमी वायरचं आवरण सोला, आत ०.३ मिमीचे तांब्याचे धागे असतात. एक टोक शिकंज्यात धरा, दुसरं पकडीने खेचा. तार किंचित लांबते, सरळ होते आणि कडकही होते.

भोकं ०.३५ मिमीच्या ड्रिलने, पिन व्हाइस (ड्रिल धरायची बारीक मूठ) हाताने फिरवत. आधी सुईच्या टोकाने खड्डा पाडा, नाहीतर गोल टाकीवरून ड्रिल घसरतं. कडी आणि टाकी यांच्यात खऱ्या डब्यावर किमान २ इंच मोकळी जागा लागते, म्हणजे मॉडेलवर ०.६ मिमी. दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवली की साधारण तेवढी जाडी भरते. ती कडीखाली सरकवा, कडी त्यावर दाबून बसवा, आतल्या बाजूने सुपरग्लूचा थेंब सुईने द्या आणि लगेच कार्डं ओढून घ्या. लगेच म्हणजे लगेच, नाहीतर कार्डं तिथेच राहतात. सगळ्या कड्या एका पातळीत येतात आणि हे डोळ्यांना लांबूनही जाणवतं.

टाकीभोवतीचा कठडा ०.४ मिमीच्या तारेचा. अखंड एकाच तारेत वळवायला जाऊ नका, चौथा कोपरा कधीच जुळत नाही. इंग्रजी ‘यू’च्या आकाराचे दोन तुकडे करा आणि जोड मधल्या खांबाच्या आड लपवा. कोपरे ड्रिलच्या दांड्याभोवती वळवा, पकडीने वळवले तर तारेला खाच पडते. गोंद फक्त टोकाच्या खांबांना. मधल्या खांबांतून तार सरकती राहू द्या, कारण प्लास्टिक उन्हात तारेपेक्षा जास्त प्रसरतं आणि सगळीकडे चिकटवलेला कठडा मे महिन्यात ताणला जातो.

खालचे ब्रेकचे दांडे तारेचे करायचे असतील तर बोगी पूर्ण फिरवून बघा. धातूच्या चाकांना तार टेकली की अडकणं तर आहेच, शिवाय दोन्ही बाजूंच्या चाकांना एकदम टेकली तर शॉर्ट सर्किट होऊन पूर्ण ट्रॅक बंद पडतो. १८ इंच त्रिज्येच्या वळणावर हे हमखास होतं.

डेकलचं थोडक्यात: आधी वॉर्निशचा चकचकीत थर, मग मायक्रो सेट, डेकल, वरून मायक्रो सोल (ही दोन्ही डेकल बसवायची द्रावणं). रिव्हेटवर डेकलखाली हवा राहिली की चंदेरी चट्टा दिसतो. तिथे सुईने टोचून पुन्हा मायक्रो सोल द्या. शेवटी मॅट थर. मुंबई-कोकणात पावसाळ्यात मात्र मॅट स्प्रे मारू नका, दमट हवेत तो पांढुरका धुरकटतो आणि काळ्या टाकीवर ते लपत नाही.

दाबाचे डबे वेगळे वागतात. क्लोरीनचा १७,३६० गॅलनचा डबा घ्या. त्यात ९० अमेरिकी टन, म्हणजे आपले साधारण ८२ टन क्लोरीन मावतं. सगळे व्हॉल्व्ह वरच्या एका गोल झाकणाखाली, आणि तळाला काहीही नाही. क्लोरीन किंवा एलपीजीच्या डब्याखाली नळी दिसली तर ती कापून टाका, मॉडेलवाल्याने साधा साचा वापरलाय. दोन्ही बाजूंना ‘क्लोरीन’ हे नाव इंग्रजीत किमान १०० मिमी उंचीच्या अक्षरांत हवं, म्हणजे मॉडेलवर १.१५ मिमी. धोक्याच्या चौकटी चार, दोन बाजूंना आणि दोन टोकांना; १९८० च्या दशकापासून त्यांवर आकडा असतो. क्लोरीनला १०१७, एलपीजीला १०७५, सल्फ्युरिक अ‍ॅसिडला १८३०. मॉडेलवर चौकटीची बाजू जेमतेम ३ मिमी भरते. चिमट्याने उचलू नका, ओल्या ब्रशने उचला. याच काळापासूनच्या धोकादायक मालाच्या डब्याला वर-खाली पाखा असलेला कपलर हवा. एचओत केडी कंपनीचा ११९ क्रमांकाचा चालतो. मात्र जोडलेला डबा मग सरळ वर उचलता येत नाही. उचललात तर शेजारचाही बरोबर येतो.

मळवण्याच्या कामात पुन्हा पोटातला माल येतो. डांबराच्या डब्यावर तोंडापासून खाली जाड, चकाकते काळे ओघळ, मॅट टाकीवर ग्लॉस काळा. वितळलेल्या गंधकाच्या डब्यावर फिकट पिवळे, कोरडे. चिनी मातीच्या पातळ काल्याचे डबे तर चुना ओतल्यासारखे दिसतात. सिरपच्या ओघळाला धूळ चिकटते म्हणून तो तपकिरी आणि खडबडीत. क्लोरीनचा डबा वरून स्वच्छच ठेवा: तिथे ओघळ म्हणजे गळती, आणि गळका क्लोरीनचा डबा गाडीत नसतो. ओघळ ऑइल पेंटने उत्तम होतो. तोंडाजवळ बारीक ठिपका द्या, दहा मिनिटं थांबा, थिनरमध्ये जेमतेम ओल्या चपट्या ब्रशने वरून खाली एकदाच ओढा. दुसऱ्यांदा ओढलं की ओघळाचा डाग होतो. बिनचौकटीच्या डब्यांच्या दोन्ही टोकांवर चाकांनी उडवलेल्या चिखलाचे दोन उभे पट्टे असतात. बहुतेक जण ते विसरतात आणि नेमके तेच डब्याला रुळांवरचा करतात. काळी टाकीही शुद्ध काळी नको. काळ्यात थोडा राखाडी-तपकिरी मिसळा, नाहीतर घरातल्या दिव्याखाली रिव्हेट, पट्ट्या काहीच दिसत नाही.

ठेवताना स्पंज थेट रंगाला लावू नका. दमट हवेत तो काही वर्षांत चिकट होतो, चुरतो आणि मॅट रंगात रुततो. मध्ये पातळ पॉलिथिनचा कागद घाला. डबा चाकांवर उभा ठेवा, आडवा ठेवलात की कठडा आधी जातो. आणि खोक्याच्या बाहेर डब्याचा क्रमांक, बांधणीचं साल, आतला माल आणि टाकीत घातलेलं वजन लिहून ठेवा.