त्रेसष्टावा कण

त्रेसष्टाव्या कणाचा आकडा पडद्यावर उमटला: 29 कोटी वर्षं. त्याच्या आधीचे बासष्ट कण 95 कोटी ते 260 कोटी वर्षांच्या दरम्यानचे होते. हा एकटाच भलता तरुण.

माझं काम खडकांची वयं मोजण्याचं. त्या दिवशी लेझरखाली एक वालुकाश्म होता. वालुकाश्माचं वय असं थेट हाती लागत नाही, कारण तो जुन्या खडकांची झीज होऊन आलेल्या वाळूचा बनलेला. मोजायची ती त्या वाळूतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांची वयं. त्यातला सर्वांत तरुण कण जितक्या वर्षांचा, त्याहून खडक जुना असूच शकत नाही; आधी वाळू, मग वालुकाश्म. आणि नेमकी इथेच अडचण होती. या वालुकाश्माला छेदून एक डाइक वर आला होता, थंड होऊन गोठलेल्या शिलारसाची उभी भिंतच म्हणा ना, आणि तिचं वय आमच्याच प्रयोगशाळेत 61 कोटी वर्षं निघालं होतं. जो छेदला गेला तो छेदणाऱ्यापेक्षा जुना. मग 61 कोटींहून जुन्या खडकाच्या पोटात 29 कोटींचा कण आला कुठून?

नमुना ज्याच्या प्रबंधातला होता तो विद्यार्थी शेजारीच बसला होता. "मॅडम, डाइकचंच वय चुकलं असेल का?" त्याचा आवाज थरथरत होता. तसं असतं तर त्या सगळ्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा नव्याने काढावा लागला असता. दोन वर्षं त्या खडकामागे फिरलेल्या मुलाला असं वाटणं मला अगदी समजत होतं.

मी म्हटलं, आधी घड्याळ तपासू. झिरकॉनचा स्फटिक शिलारसातून जमतो तेव्हा झिर्कोनियमच्या जागी थोडं युरेनियम सामावून घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. त्यामुळे आज त्यात जे शिसं सापडतं ते बहुतेक सगळं युरेनियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून तिथेच तयार झालेलं. शिवाय एकाच कणात दोन घड्याळं चालतात. युरेनियम-238 पासून शिसं-206 होतं, त्याचं अर्धायुष्य 447 कोटी वर्षं. युरेनियम-235 पासून शिसं-207, अर्धायुष्य 70.4 कोटी. दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत असतील तर आलेखावरचा बिंदू ठरलेल्या वक्रावर बसतो, त्याला आम्ही कॉन्कॉर्डिया म्हणतो. किरणोत्साराने स्फटिक खिळखिळा होऊन शिसं झिरपलं असेल, तर बिंदू वक्रावरून ढळतो. हा ढळला नव्हता. युरेनियम-238 च्या दर हजार अणूंमागे शिसं-206 चे 46 अणू, म्हणजे 29 कोटी. दुसरं घड्याळही तेच सांगत होतं. अधूनमधून मोजलेला प्रमाण झिरकॉन त्याचं माहीत असलेलं 106 कोटींच्या आसपासचं वय बिनचूक देत होता. यंत्र खोटं बोलत नव्हतं.

मग कॅमेऱ्यातून त्या कणाकडे नीट पाहिलं. लेझरने पाडलेला खड्डा 30 मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. आजूबाजूचे कण नदीतल्या गोट्यांसारखे घासून गोल झालेले. त्रेसष्टावा मात्र टोकदार. दोन्ही टोकं तासलेल्या पेन्सिलीसारखी, कडा धारदार. वाहत्या पाण्याचा त्याला स्पर्शही झालेला दिसत नव्हता. एवढ्यावरून निकाल लागत नाही, कारण ज्वालामुखीची राख थेट वाळूत पडली तरी कण असेच धारदार राहतात. पण माझ्या मनात पाल चुकचुकली.

तो एक कण वगळून टाकणं सोपं होतं. शंभरांत एक विसंगत आकडा, कोणी हरकतही घेतली नसती. मला हे कधीच पटलेलं नाही. कण कुठून आला हे कळण्याआधी त्याला काढून टाकलं, तर आपलं उत्तर बरोबर असलं तरी ते का बरोबर आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

खडक फोडायच्या खोलीतली नोंदवही काढली. आमच्या वालुकाश्माच्या आदल्याच दिवशी एक ग्रॅनाइट दळला होता. त्याचं वय नंतर मोजलं गेलं: 29 कोटी.

मी सगळ्यांत बारीक चाळणी अतिनील दिव्याखाली धरली आणि खोलीतले दिवे मालवले. चाळणी धुतलेली, ब्रशने घासलेली, उघड्या डोळ्यांना स्वच्छ. अंधारात मात्र तारांच्या विणीत तीन पिवळसर ठिपके चमकले. बरेच झिरकॉन त्या प्रकाशात असे पिवळे चमकतात. विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली सुईने ते हलकेच सोडवले. तिन्ही टोकदार.

त्या क्षणी मला अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन आठवले. 1956 साली त्यांनी पृथ्वीचं वय 455 कोटी वर्षं ठरवलं, ते उल्कांमधल्या शिशावरून. कॅन्यन डायब्लोच्या लोहउल्केतल्या एका खनिजात युरेनियम जवळजवळ नसतं, म्हणून त्यातलं शिसं सूर्यमाला जन्मली तेव्हाचंच राहिलं आहे. पण त्या आकड्यापर्यंत पोचताना त्यांची वर्षं गेली ती हवेतून, पाण्यातून, भांड्यांतून नमुन्यात शिरणाऱ्या परक्या शिशाशी झगडण्यात. पुढे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध ते उभे राहिले ते याच अनुभवातून. त्यांचं शिसं हवेतून आलं, आमचे कण चाळणीतून.

तिन्ही कण दुतर्फा चिकटपट्टीवर बसवले आणि संध्याकाळी लेझरखाली घातले. 29, 29, 29. विद्यार्थी बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून त्याने चाळणीची जाळी कात्रीने कापून काढली. आता आम्ही प्रत्येक खडकासाठी नायलॉनची नवी जाळी ताणतो आणि काम झालं की फेकून देतो. हे आधीच करायला हवं होतं, जबाबदारी माझी होती.

वालुकाश्माचा राखून ठेवलेला तुकडा पुढच्या आठवड्यात फोडला. या वेळी 117 कण मोजले, कारण वाळूत किमान 5 टक्के असलेला कोणताही वयोगट हुकू नये याची 95 टक्के खात्री त्या संख्येला मिळते. सर्वांत तरुण कण 95 कोटींचा.

पण चाळणी कापली त्या दिवसाचं काम तेवढ्यावर संपलं नव्हतं. ग्रॅनाइटनंतर त्या चाळणीतून अकरा नमुने गेले होते. एकेकाची वयं काढून पाहत बसले. नवव्या नमुन्यात, दुसऱ्या संस्थेतल्या एका ज्येष्ठ भूवैज्ञानिकांच्या वालुकाश्मात, 29 कोटींचा एक कण होता, आणि खडकाच्या वयाची मर्यादा आम्ही त्याच्यावरूनच कळवली होती. रात्री नऊला त्यांना फोन केला, सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"खडक उरलाय ना तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"हो सर, अर्धा आहे."

"मग उद्या पुन्हा फोडा. मी येतो."