झाड पाणी कुठून पिणार?

आज आठवड्याने बागेत गेले आणि पायाखाली एकदम टणक लागलं. मातीची वाट गायब, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. तेही पार झाडाच्या बुंध्याला चिकटवून, फटीत सिमेंट भरून.

पुढे एक चिमुरडी आजोबांचं बोट धरून उभी. "आजोबा, आता हे झाड पाणी कुठून पिणार?"

आजोबा काहीच बोलले नाहीत. चपलेच्या टोकाने फट उकरून पाहत राहिले.

झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या ३०-६० सेंटीमीटर मातीतच असतात. त्यांना हवाही लागते. पावसात वाटेवर चिखल होतो, मान्य. पण निदान बुंध्याभोवती मोकळं आळं? वाटेवर वाळल्या फांद्यांचा भुसा पसरला असता, तरी चिखल कमी झाला असता.

तुमच्या बागेत मातीची वाट उरलीय का अजून?