गाडी उभी होती म्हणजे मी झोपलो होतो का? माझा ओव्हरटाइमचा अनुभव

१९ वर्षं झाली ट्रकच्या स्टेअरिंगवर, त्यातली बरीचशी चाकण ते होसूर लाइनला. लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. कामगार ऑफिसात ५ महिने घालवून एक शब्द असा काही डोक्यात बसलाय की अजून रात्री आठवला तरी चिडायला होतं. "नुसती उपस्थिती". पुढे येईलच ते.

झालं असं. फेब्रुवारी २०२३, मंगळवार. पहाटे ४ ला कंपनीच्या गेटवर गाडी लावली, टोकन ३१ नंबर. म्हणजे मी उठलो ३ ला. गाडी भरून, ताडपत्री बांधून, काटा (वजन) करून बाहेर निघायला रात्रीचे ११ वाजले. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन, उद्या रात्री माल पोचला पाहिजे, पार्टी ओरडतीये. निघालो. किन्नर (क्लीनर) दोन महिन्यांपासून दिलेलाच नव्हता, एकटाच. तासवडे टोल ओलांडला ३ च्या सुमारास, आणि किणी टोलच्या अलीकडे सव्वाचारला डोळा लागला. मला वाटतं ३-४ सेकंदच लागला असेल, पण ६० च्या स्पीडला ४ सेकंदात गाडी पासष्ट मीटरच्या वर जाते हो. डावीकडचं रेलिंग घासत गेली, आरसा, पायदान, डिझेल टाकीची एक बाजू, सगळं गेलं. माणूस कोणी मध्ये नव्हतं हे माझं नशीब.

शेठनी, म्हणजे गाडीमालकाने, नुकसानीचं बिल काढलं ३६,००० आणि पगारातून महिन्याला ६,००० कापायला चालू केलं. पगार १८,००० अधिक भत्ता. चार महिने कापले तोपर्यंत मी गप्पच होतो, कारण चूक आपलीच असं वाटत होतं. मग एका ढाब्यावर युनियनवाला एक म्हातारा भेटला, त्याने सरळ विचारलं, त्या दिवशी किती तास जागा होतास? मोजलं तर २५. तो म्हणाला सलग १७ तास जागलेला माणूस जवळपास ०.०५ टक्के दारू प्यालेल्यासारखा गाडी चालवतो आणि आपल्याकडे पकडायची हद्द ०.०३ आहे. दारूला फुंकायची मशीन आहे, झोपेला नाही, एवढाच फरक.

मग कपात आणि ओव्हरटाइमसाठी कामगार ऑफिसात अर्ज दिला. अर्ज कसा लिहायचा, कुठे द्यायचा, ते काही अवघड नाही, त्यात वेळ घालवत नाही. फक्त अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्या, मी पहिल्यांदा घेतला नव्हता आणि पंधरा दिवसांनी अर्ज सापडतच नाही म्हणाले. परत लिहिला.

कायदा तेव्हा १९६१ चा मोटार वाहतूक कामगारांचा. मालकाकडे ५ किंवा जास्त कामगार असले की लागू. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन जास्तीत जास्त १० आणि ५४. पाच तासांनंतर किमान अर्धा तास सुट्टी, आणि आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ९ तास आराम. वरच्या तासांना दुप्पट दर. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातही ड्रायव्हरचे तास याच कायद्याप्रमाणे असं लिहिलंय. १९ वर्षांत यातलं एक अक्षर मला कुणी सांगितलं नव्हतं, लायसन काढताना पण नाही.

शेठच्या ११ गाड्या, त्यातल्या ४ बायकोच्या नावावर आणि ३ मेव्हण्याच्या, म्हणजे कागदावर प्रत्येकाकडे पाचापेक्षा कमीच ड्रायव्हर. हा मुद्दा काढून बघितला त्यांनी, पण सगळ्यांचा पगार एकाच खात्यातून यायचा, त्यामुळे तिथे फार वेळ गेला नाही.

वेळ गेला पुढे.

सुनावणीच्या पहिल्या तारखेला सुपरवायझर मस्टर घेऊन आला. माझ्या नावापुढे रोज १० ते ६. रोज! खाली माझी सही. आणि सही खरीच, कारण महिनाअखेरीला पगाराबरोबर मस्टर समोर ठेवायचे, रकाने कोरे, आपण करायचो सही आणि पैसे घेऊन निघायचो. (कोऱ्यावर सही करू नका हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं.) कामगार ऑफिसातले साहेब म्हणाले तुझीच सही आहे ना, मग?

मी म्हणालो फास्टॅगचं स्टेटमेंट मागवा, मस्टरमध्ये ६ ला सुटलेला माणूस रात्री ३ ला तासवड्यात काय करतोय ते दिसेल. साहेबांनी मागवलं पण फास्टॅग शेठच्या नावावर, मेसेज शेठच्या मोबाइलवर. शेठ दोन तारखा "पुढच्या वेळी आणतो" म्हणत राहिला. एक तारीख म्हणजे तीन-चार आठवडे, आणि मी प्रत्येक वेळी एक खाडा करून सकाळी १० पासून बाकड्यावर. तिसऱ्या वेळी बाकड्यावर बसल्या बसल्या फोन चाळत होतो आणि मग माझीच मला लाज वाटली, कारण पुरावा खिशात होता. सुपरवायझरचे स्वतःचे व्हॉट्सॲप मेसेज. "कुठे पोचला" १ वाजून ४० ला, "लोकेशन पाठव" २:५५ ला. माझं लाइव्ह लोकेशन. झालं की. तो मस्टर तिथेच मेला. चॅट डिलीट मारायची सवय असेल तर आजपासून बंद करा.

आता वाटलं संपलं. कसलं संपतंय!

साहेब म्हणाले ठीक आहे, रात्री ११ ते सव्वाचार गाडी चालवली, मान्य, सव्वापाच तास. पण पहाटे ४ ते रात्री ११ तर तू गेटवर उभा होतास, ते काम नाही, ती नुसती उपस्थिती. कायद्यात लिहिलंय म्हणे, टर्मिनलवर नुसती उपस्थिती १५ मिनिटांच्या आतली असेल तरच कामात धरायची. तू १९ तास उपस्थित होतास. म्हणजे आराम झाला तुझा, मग झोप कशी लागली गाडीवर? शेठ हसला तेव्हा. ते हसणं मी विसरणार नाही.

रांगेतला आराम काय असतो ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पुढची गाडी सरकते, तुम्ही सरकला नाहीत की मागचा हॉर्न दाबून धरतो नाहीतर बाजूने घुसतो. इंजिन चालू, दहा फूट पुढे, इंजिन बंद. पाय पसरले की खिडकीवर थाप. दुपारी पत्रा तापलेला. मध्येच कागद घेऊन आत बोलावणार, इन्व्हॉइसमध्ये चूक, परत बाहेर. याला आराम म्हणायचं असेल तर म्हणा.

दीड महिना या एका शब्दावर अडकलो. साहेब वाईट माणूस नव्हते, पण एकदा बोलून गेले होते आणि मागे यायला तयार नव्हते. मग त्यांची बदली झाली आणि मॅडम आल्या. मॅडमनी पुस्तक उघडून पुढचं वाचलं, जे साहेबांनी वाचलं नव्हतं किंवा वाचून सोडलं होतं. गाडी भरणं, खाली करणं, कागद करणं हे सगळं जोडकाम म्हणून कामाच्या तासात धरलंय. आणि नुसती उपस्थिती कशाला म्हणायचं तर बोलावलं तर हजर असावं एवढ्यासाठीच जागेवर थांबणं. त्यांनी मला एकच विचारलं, त्या वेळात तुम्हाला मर्जीप्रमाणे कुठे जाता येत होतं का?

माझ्याकडे गेटवरच्या बोर्डाचा फोटो होता. काढला होता वेगळ्याच कारणाने, गावाकडच्या मित्राला चिडून पाठवायला. "चालकाने गाडी सोडून जाऊ नये. गाडीत चालक नसल्यास टोकन रद्द." मॅडमनी फोन शेठसमोर धरला आणि काहीच बोलल्या नाहीत.

आणि मग मीच विचारलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आवाज चढवून. शेठ, त्या १९ तासांचं हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) पार्टीकडून घेतलं का नाही? घेतलं होतं. बिलात लावलेलं होतं. पार्टीकडून पैसे घेताना गाडी कामावर, मला द्यायची वेळ आली की गाडी आरामात.

शेवटी तडजोड झाली. कापलेले २४,००० परत, राहिलेले १२,००० सोडले, कारण नुकसानीचे पैसे कापायच्या आधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि ती दिलीच नव्हती. ओव्हरटाइम ज्या ९ ट्रिपच्या टोकन पावत्या होत्या तेवढ्याचाच. १८,००० भागिले २६ भागिले ८, तासाला साधारण ८६ रुपये, दुप्पट १७३, तास निघाले १४० म्हणजे २४ हजारांच्या वर, मी २०,००० वर मिटवलं. कुणी म्हणेल कशाला सोडले चार हजार, तर अजून दोन तारखांचे खाडे मोजा. आणि मी तीन वर्षांच्या पावत्या नेल्या होत्या, पण तेव्हा मागचं एकच वर्ष धरायचे, बाकीच्या पिशवीतच राहिल्या. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता आल्यात, जुना १९६१ चा कायदा त्यात गेला, ओव्हरटाइम दुप्पटच आहे आणि मागणीची मुदत ३ वर्षं झालीये. तेव्हा पावत्या टाकू नका. काट्याची पावती उन्हात पांढरी पडते, त्याच दिवशी फोटो काढा.

गडकरी २०२१ मध्ये म्हणाले होते की पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरवले पाहिजेत. युरोपात गाडीतच मशीन असते म्हणे, साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं आणि मशीन सगळं लिहून ठेवते. आपल्याकडे मशीन येईपर्यंत मी वही ठेवलीये. इंजिन चालू कधी, बंद कधी, कुठे, टोकन किती.

मी आता दुसरीकडे आहे, किन्नर आहे, २ ते ५ मध्ये शक्यतो गाडी बाजूला घेतो. नवीन शेठ कुरकुरतो, पण पहिल्याच दिवशी वही दाखवली होती त्याला.

हां, एक राहिलंच. पैसे २२-२२ हजारांच्या दोन चेकने मिळाले. दुसरा चेक २० तारखेचा, १९ ला शेठचा फोन आला की २८ ला टाक, खात्यात नाहीत. मी २० लाच टाकला. वटला.