आततायी

मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी कोठीच्या खोलीचं दार ढकललं की आंबे दिसायच्या आधी वास येतो. पेंढ्यात अढी घातलेली असते. तिच्यापाशी कुणी घुटमळलं की काकू स्वयंपाकघरातूनच ओरडते, "मेल्या आततायी, परवा तर घातलेत, आज काय हुडकतोस?"

हापूस अढीत आठ-दहा दिवस घेतो, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी यंदा तिसऱ्या दिवशी एकावर सुरी चालवलीच. आत फिकट, कोयीपाशी पांढरं. तिखटमीठ लावून तो संपवावा लागला, तोही काकूच्या समोर बसून. दात रात्रीपर्यंत आंबलेले.

मला खरं तर 'उतावळा' पुरला असता. उतावळ्याला गुडघ्याला का होईना, बाशिंग मिळतं. लगीनघाईला कुणी नावं ठेवत नाही. घिसाडघाईत काम बिघडतं, माणूस नाही. 'आततायी' म्हटलं की मात्र ठपका थेट माणसावर. जुलैत दोन दिवस पाऊस उघडला की बंदरावरचा एखादा तरणा बोट काढायची भाषा करतो. यांत्रिक बोटींना ३१ जुलैपर्यंत बंदी, आणि जुनी माणसं तर नारळी पौर्णिमेआधी दर्याचं नाव काढत नाहीत. ती त्याला एवढंच सांगतात, "आततायीपणा नको."

संस्कृतात 'आतत' म्हणजे ताणलेलं. धनुष्य ताणून जिवावर उठलेला तो आततायी. स्मृतींनी असे सहा मोजलेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून आलेला, आणि दुसऱ्याचं धन, जमीन, बायको पळवणारा. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो. हिंदीत आजही हा शब्द जुलमी, अत्याचारी माणसाचा. मराठीत तो एवढा मवाळ कसा झाला कोण जाणे, पण मला ते चुकीचं वाटत नाही. ताणलेली दोरी फार वेळ धरवत नाही. अढीसमोर उभं राहून बघा.

ही सहांची यादी मी काकूला वाचून दाखवली. म्हटलं, बघ, यात आंबा कापणारा कुठेच नाही.

तांदूळ निवडता निवडता तिने ऐकून घेतलं. "धन पळवणारा आहे ना त्यात?" ती म्हणाली. "मग? पेटीचा भाव विचारून ये जा."