पाठमोरा जिम

मंगळवार, रात्री साडेअकरा

"मावशी, म्हणजे जिम नाहीच तिथे?"

सई विचारून झोपायला गेली. मी अजून जागीच.

चूक माझी. तिने आधी एवढंच विचारलं होतं की हा मुलगा सारखी पाठच का दाखवतो. "लांब उभा आहे म्हणून" असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण नाही. सिनेमा थांबवला आणि स्टीव्हन्सनच्या कादंबरीवरच्या या 'ट्रेझर आयलंड'चं सगळं दप्तर उघडून बसले.

डिस्नेचा हा पहिला असा सिनेमा की ज्यात एकही चित्र हलत नाही, सगळी जिवंत माणसं. १९५० साली आला. युद्धानंतर ब्रिटनने अमेरिकी चित्रपट कंपन्यांची तिथली कमाई तिथेच अडकवून ठेवली होती. पौंड बाहेर नेता येत नाहीत, तर तिथेच खर्चून टाकू, असा हिशोब. म्हणून चित्रण इंग्लंडात झालं: थोडं डेनमच्या स्टुडिओत, थोडं कॉर्नवॉलमध्ये फॉल आणि हेलफर्ड नद्यांच्या मुखाशी. नट जवळजवळ सगळे तिकडचे. गोष्टीचा नायक, पोरगा जिम हॉकिन्स, तेवढा अमेरिकेहून आणलेला. बॉबी ड्रिस्कॉल, वय १२. आणि कामाचा परवाना नेमका त्याच्याकडेच नाही! दंड झाला, देश सोडायचा हुकूम निघाला, अपिलाच्या तयारीसाठी म्हणून सहा आठवड्यांची मुदत मिळाली. दिग्दर्शक बायरन हॅस्किनने तेवढ्यात पोराचे क्लोजअप घाईघाईने उरकून घेतले. बॉबी आईवडिलांबरोबर कॅलिफोर्नियाला परतला. बाहेरची जी दृश्यं राहिली, त्यांत एक इंग्रज मुलगा उभा केला.

इथवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी पुढे बदली नट कसा वापरतात तेही शिकवलं.

चेहरा बदलता येत नाही, म्हणून चेहरा आधी उरकायचा. कपड्यांचे जोड दोन हवेत, आणि दोन्ही सारखेच मळवलेले. बदली मुलाची उंची बोटभर कमीजास्त चालते, खांद्यांचा उतार मात्र जुळावा लागतो, कारण पाठमोऱ्या माणसाची ओळख खांद्यात असते. मानेवरच्या केसांची रेघ जुळवायची. आणि कान. कानाला मेकअप नाही, म्हणून केस कानावर आणायचे नाहीतर टोपी घालायची. एवढं करून चाल उरतेच. ती शिकवून येत नाही, म्हणून बदली मुलाला चालवण्यापेक्षा पळवलेलं बरं. पळताना सगळी मुलं सारखीच दिसतात.

दोघांच्या संवादात आणखी सोपं. पुढे बदली मुलाचा खांदा धूसर ठेवायचा आणि त्यावरून सिल्व्हरचा, म्हणजे गोष्टीतल्या एका पायाच्या चाच्याचा, चेहरा घ्यायचा. मुलाचं उत्तर आधीच स्टुडिओत घेऊन ठेवलेलं असतं, ते मध्ये चिकटवायचं. यात नजर फसते. समोरचा नट जागेवर नसेल तर मुलाने बघायचं कुठे, याची खूण कॅमेऱ्याशेजारी लावून देतात. ती वीतभर चुकली की पडद्यावर दोघं एकमेकांच्या कानाशी बोलताना दिसतात. दुसरं फसतं ते ऊन. कॉर्नवॉलचं ऊन ढगातून झिरपलेलं, स्टुडिओतलं आर्क दिव्यांचं. त्यात हा टेक्निकलर, त्या काळची रंगीत चित्रणाची पद्धत, म्हणजे कॅमेऱ्यात एका वेळी तीन निगेटिव्ह धावतात. भिंगामागच्या लोलकाने उजेड दुभंगतो. हिरवा भाग एका फिल्मवर जातो. निळ्याच्या आणि लालच्या फिल्म पोटाला पोट लावून पळतात, नि लालला उजेड निळ्यातून गाळून मिळतो म्हणून ते चित्र जरा मऊ येतं. तीन वाटण्या झाल्यावर उजेड ढीगभर लागतो. तो द्यायला दिवे वाढवले की चेहऱ्यावरच्या सावल्या कडक होतात, आणि पुढच्याच शॉटमध्ये बाहेर ढगाळ. कॅमेऱ्यामागे फ्रेडी यंग होता म्हणून हे फार कुठे बोचत नाही. लांबची दृश्यं तर निम्मी चित्रकार पीटर एलेनशॉच्या हातची. कॅमेऱ्यापुढच्या काचेवर रंगवायचं, खरं चित्रण जिथे बसवायचं तेवढी जागा सोडायची, सावली खऱ्या उन्हाच्याच बाजूला पाडायची आणि जोडाची रेघ झाडोऱ्यात नाहीतर भिंतीच्या कडेत लपवायची. कॅमेरा केसभर हलला तरी डोंगर एकीकडे आणि समुद्र दुसरीकडे.

हे सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे जिम नाहीच तिथे?"

आता मला काय वाटतंय ते नीट लिहायला हवं. फसवलं गेल्याचं दुःख नाही. सिनेमा म्हणजे फसवणूकच. मला त्या दुसऱ्या मुलाचं वाटतंय. श्रेयनामावलीत त्याला जागा नाही. परक्या पोराच्या मापाचे कपडे घालून तो वाळूत पळाला, आणि जितकं चांगलं काम करेल तितका दिसेनासा होईल अशी त्याच्या कामाची अट.

पण तेही खरं नाही. मला माझंच वाटतंय. मला आता हा सिनेमा बघता येत नाही. पाठ दिसली की मी खांदे मोजते. जहाज आलं की गोष्टीतलं हिस्पॅनिओला दिसत नाही, १८८७ साली ग्लासन डॉकला बांधलेली 'रायलँड्स' नावाची माल वाहणारी बोट दिसते. ती पुढे 'मोबी डिक' सिनेमात पेक्वॉड नावाचं जहाज झाली हेही आठवतं. आणि बॉबीचा चेहरा जवळून आला की मला १९६८ आठवतं. न्यूयॉर्कमधली रिकामी पडकी इमारत, ३१ वर्षांचा बेवारस मृतदेह, पुढच्या वर्षी बोटांच्या ठशांवरून कळलेलं नाव. तोवर त्याला बेवारसांच्या दफनभूमीत, हार्ट आयलंडवर, पुरलेलं होतं. बेट, हो. त्यावर मला काही लिहायचं नाही.

सगळं माहीत असण्याची ही शिक्षा. आणि ती मी नऊ वर्षांच्या पोरीला वाटून आले.

बारा वाजून गेले.

शेवटचं दृश्य पुन्हा लावलं, आवाज बंद करून. कादंबरीत हे नाही. तिथे सिल्व्हर परतीच्या वाटेवर एका बंदरात, बेटावर सापडलेल्या बेन गनच्या मदतीने, नाण्यांची एक पिशवी घेऊन गुपचूप पसार होतो. तीन-चारशे गिनी, बस. जिमने त्यात काहीच केलेलं नाही. सिनेमात मात्र होडी वाळूत रुतते, सिल्व्हर पोरावर पिस्तूल रोखतो, त्याच्याच्याने झाडवत नाही, आणि मग तो एका पायावर होडी ढकलायला लागतो. आणि जिम जाऊन हात लावतो. पुस्तकात ज्याने नुसतं पाहिलं, त्या पोराला इथे एक कृती मिळाली. ही बदली मला पुस्तकापेक्षा जास्त आवडते. स्टीव्हन्सनच्या भक्तांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

होडी हलते तेव्हा मी खांदे मोजले नाहीत. हे मला होडी गेल्यावर लक्षात आलं.

मग जरा हसू यायला लागलं. या गोष्टीत खरं आहे तरी कोण? सिल्व्हर आपल्या पोपटाबद्दल पुस्तकात सांगतो की हा कॅप्टन इंग्लंड नावाच्या चाच्याबरोबर फिरला, मादागास्कर पाहिलं, मलबार पाहिलं, आणि गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयचं जहाज धरलं तेव्हाही हा होता. ते जहाज खरंच पकडलं गेलं होतं, १७२१ मध्ये, रियुनियन बेटाशी. मायदेशी परतणारा गोव्याचा व्हाइसरॉय त्यावर होता. पकडणारे होते टेलर आणि लव्हासर हे चाचे. कॅप्टन इंग्लंडला त्याच्याच माणसांनी आदल्या वर्षी मॉरिशसला उतरवून दिलं होतं. म्हणजे पोपटाने एकतर मालक बदलला, नाहीतर सिल्व्हर थापा मारतो. मी अर्थातच दुसरं धरून चालते, आणि तरी त्याला पळून जाऊ देते.

बुधवार, संध्याकाळ

शाळेतून आल्या आल्या सईने कुंचा काखेत धरला आणि घरभर लंगडायला सुरुवात केली. "आर्रर्र!" हा आवाज सिनेमात सिल्व्हर झालेल्या रॉबर्ट न्यूटनचा. तो जन्माने डॉर्सेटचा, त्या भागात 'र' असा घोळवून बोलतात. आता जगातले सगळे समुद्री चाचे तसेच बोलतात. आमच्या घरात "अर्रर्र" म्हणजे दूध उतू गेलं, त्यामुळे आई दोनदा स्वयंपाकघरात धावून आली.

कुंचा उजव्या काखेत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, पुस्तकात डावा पाय मांडीच्या मुळापासून नाही, म्हणून कुबडी डाव्या खांद्याखाली. आणि लाकडी पाय नाही हं, तो लोकांनी मागून चिकटवला. नटाला तर पाय असतोच, मग गुडघ्यात मागे दुमडून बांधायचा आणि वर लांब कोट. बांधलेला पाय फार वेळ ठेवायचा नाही, मुंग्या येतात, आणि मग सोडल्यावर उभं राहता येत नाही.

सईने कुंचा डावीकडे घेतला. ओढणीने पाय बांधून मागितला. मी सैल बांधला.

"आता तू जिम हो."

"मी? मी कुठे जिमसारखी दिसते?"

"पाठ करून उभी राहा ना," ती म्हणाली. "आणि वळू नकोस. केस पुढे घे, कान दिसतायत."

मी केस पुढे घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. मागून आर्रर्र ऐकू आलं, नंतर पाटीची होडी फरशीवर घासल्याचा आवाज, आणि मग, "अगं, ढकल ना!"